सर्जेरावांचा आवाज

आवाज सर्जेरावांचाच होता. तोच घोगरा सूर, वाक्य संपताना तीच बारीक खाकर. मागे देवळातली घंटासुद्धा वाजत होती.

“सरिताबाई, जेवलात का? नसाल तर आधी दोन घास खाऊन घ्या. मग एक काम करा. पुण्याच्या पत्रेवाल्यानं बँकेचं खातं बदललंय. नवीन नंबर पाठवलाय, त्याच्यावर अठरा लाख टाका. लई अर्जंट आहे. माझा फोन बंद पडलाय, म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय.”

सरितानं “हो साहेब” म्हटलं आणि फोन ठेवला. वाळूजला लोखंडी कपाटं बनवणाऱ्या सर्जेरावांच्या कारखान्याचे सगळे हिशेब तीच बघायची. पैसे पाठवायचं काम दोन मिनिटांचं होतं. पण तिचा हात पुढे होईना.

तिनं सर्जेरावांच्या नंबरवर फोन लावून पाहिला. बंद. साहेब सकाळीच अभिषेकाला वेरूळला गेले होते. उघड्या अंगाचा, कपाळभर भस्म लावलेला फोटो त्यांनी देवळातूनच नेटवर टाकून सगळ्या जगाला दाखवला होता. म्हणजे सगळं जुळत होतं. तरी काहीतरी खटकत होतं.

तिला भीती वाटली. मागच्या महिन्यात एका बिलाची खात्री करण्यासाठी तिनं याच पत्रेवाल्याचे पैसे तासभर अडवले होते, तर सर्जेरावांनी सगळ्या कामगारांदेखत तिची बिनपाण्यानं केली होती. “डोकं हाय का खोकं? पुन्हा असं झालं तर पिशवी उचलायची अन् पुंडलिकनगरला घरी जाऊन बसायचं!” नवऱ्याचं दुकान बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. फोन खरा असेल तर आज नोकरी गेलीच. त्या अनोळखी नंबरवरून पुन्हा दोनदा फोन आला. तिनं उचलला नाही. पैसे पाठवले नाहीत. जेवलीही नाही.

संध्याकाळी सर्जेराव आले, ते प्रसादाचा पुडा घेऊन.

“कुठले अठरा लाख? मी कुणालाबी फोन केला नाय!”

त्यांचा पुतण्या सत्यम कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. ऑफिसच्या फोनवरचं सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड होत असे. त्यानं ते लावलं. स्वतःचाच आवाज ऐकून सर्जेराव मटकन खुर्चीत बसले. सत्यमनं काकूंना फोन लावून शेवटचं वाक्य ऐकवलं, तर काकू म्हणाल्या, “आता कुणाचा फोन घेतलाय ह्यांनी? अन् येताना कोथिंबीर आणा म्हणावं.”

“काका, दर निवडणुकीत तुम्ही क्रांती चौकात ठोकलेली सगळी भाषणं नेटवर हायेत,” सत्यम म्हणाला. “तिथून आवाज उचलला. कॉम्प्युटर पायजे ते बोलून दाखवतोय. अन् वेरूळचा फोटो तर तुम्हीच टाकला.”

अठरा लाख वाचले होते. दुसरा कुणी असता तर त्यानं प्रसादाचा पुडा सरितापुढे ठेवला असता. सर्जेरावांचे डोळे मात्र बारीक झाले.

“मग हिला कसं कळलं?” ते म्हणाले. “तुझ्या काकूला कळलं नाय. मला सोताला ऐकून कळंना. अन् हिला बरं कळलं!”

सत्यमही आता तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. भिंतीवर त्यानंच चिकटवलेला कागद होता : बाहेरच्या चोरापेक्षा आतला माणूस घातक.

“मिळालेली असणार त्यांना,” सर्जेराव म्हणाले. “आयत्या वेळी भ्याली. सत्यम, हिचा फोन घे. पोलिसांनाच देऊ.”

सत्यमनं हात पुढे केला. सरितानं फोन दिला. इतका अपमान तिचा कधीच झाला नव्हता, आणि या ऑफिसात तिचे अपमान काही कमी झाले नव्हते. खरं कारण तिला ठाऊक होतं. ते सांगितलं तर नोकरी जाणार होती. न सांगितलं तर ती चोर ठरणार होती.

“सांग की! काय खूण होती?” सर्जेराव टेबलावर हात आपटून ओरडले.

“साहेब, सहा वर्षं झाली मला इथं,” सरिता म्हणाली. “तुम्ही एकदाही मला जेवलात का म्हणून विचारलं नाही. त्यानं विचारलं. तेव्हाच मला खटकलं, हे तुम्ही नसणार.”

सत्यम उगाच कॉम्प्युटरच्या वायरी चाचपू लागला. सर्जेराव बारीक खाकरले. मग त्यांनी सत्यमच्या हातातून तिचा फोन घेतला, तिच्यापुढे ठेवला आणि प्रसादाचा पुडा तिथंच सोडून केबिनबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते कामासाठी जालन्याला गेले. जाताना कुणावर ओरडले नाहीत, त्यामुळे कामगारांना वाटलं साहेबांची तब्येत बरी नसावी. इकडे सत्यमनं सकाळीच भिंतीवर नवा कागद लावला : ओळखीचा नंबर दिसला तरी विश्वास ठेवू नका, नंबरही खोटा दाखवता येतो.

दुपारी सरितानं डबा उघडला, तेवढ्यात फोन वाजला. सर्जेरावांचा नंबर. पलीकडून आधी बारीक खाकर ऐकू आली. मग तोच घोगरा आवाज, अडखळत, अगदी हळू आला.

“सरिताबाई… जेवलात का?”

सरितानं फोन आपटला आणि ओरडली, “सत्यम, पळ! तो चोर परत आलाय!”