सुनेची स्कूटर वळली की

२०१८ साल. नागपुरात ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि लकडगंजातल्या आपल्या घरी उत्तरा सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. समोर तिच्या सासूबाई, इंदूबाई, मेथी निवडत होत्या. त्याही मराठीच्याच शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

नववीच्या निबंधाचा विषय होता 'निवृत्त शिक्षिकेचे मनोगत'. निम्म्या वर्गाने गाइडमधला एकच निबंध पाठ करून उतरवला होता. तो 'दचकू नका, मीच बोलते आहे' असा सुरू व्हायचा आणि 'चला, निरोप घेते' असा संपायचा. पाठ केलेल्या निबंधाला शून्य, हे उत्तराने वर्गात आधीच बजावलं होतं. आता ती एकामागून एक शून्यं काढत चालली होती.

"ही घ्या तुमची मयुरी," ती म्हणाली.

इंदूबाईंचा हात थांबला. मयुरी गल्लीतल्या भूपेशची मुलगी. भूपेशच्या घरी पूर्वी हातमाग होते, आता तो गांधीबागेत साड्यांच्या दुकानात कामाला होता. मराठीत नापास झालीस तर कबड्डी बंद, असं त्याने मुलीला सांगून ठेवलं होतं, आणि शाळेचा संघ पुढच्याच आठवड्यात काटोलला सामन्यांसाठी निघणार होता. उत्तरा दहावीच्या जादा तासासाठी लवकर घर सोडायची. त्यानंतर शाळा भरेपर्यंत मयुरी इंदूबाईंकडे निबंध शिकायला यायची.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "आजी, मले चार ओळींच्या पुढे काही सुचूनच नाही राहिलं."

"सुचायले कायले पाहिजे वं? दिसते थे लिही," इंदूबाईंनी सांगितलं. बाकीचं मग हळूहळू शिकवलं. पहिल्या ओळीतच काहीतरी घडू दे. सुविचार घालून पानं भरू नको. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्या वाटेला जाऊ नको. आणि शेवटी उपदेश नको. एक वस्तू समोर ठेवायची अन् गप्प बसायचं.

उत्तरा मोठ्याने वाचू लागली. "'सुनेची स्कूटर वळली की मी खरी उठते.'"

इंदूबाईंनी मेथीची पानं कचऱ्यात टाकली आणि काड्या ताटात ठेवल्या.

"'सुनेने उकडून ठेवलेला दुधी मी गल्लीतल्या गाईला घालते. आता गायही तोंड फिरवते. मग लाकडं चिरायच्या आरामशीनजवळच्या टपरीवरून तर्री-पोहे येतात. पोहे दिसले नाही पाहिजेत, इतकी तर्री, तो तिखट लाल रस्सा, मला लागते. खाताना कपाळाला घाम येतो, तो मी पदराने पुसते. डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर वाढते. सून वाईट नाही. तिला मी जगायला पाहिजे, म्हणून ती मला मीठ देत नाही. आमच्या कोठीमागे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे.'"

उत्तराने पान उलटून पाहिलं. पुढे काही नव्हतं. इतकं नेटकं वाक्य मागच्या चाचणीत या मुलीला एकही जमलं नव्हतं, तेव्हा हा दुसऱ्या कुठल्यातरी गाइडमधला निबंध असणार, असं तिचं मत पडलं. त्या बिचाऱ्या सुनेची तिला कीवही आली. घरचं माणूस असं वागलं तर कोणी काय करावं?

"पोरीनं स्वतःच लिहिलं असेल," इंदूबाई म्हणाल्या.

"आई, पाहिलं तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलं ना तिला? मग अशी लबाड म्हातारी तिनं पाहिली कुठे? बरं, निबंध संपलाही नाही. श्रीखंडाच्या डब्यावर कोणी संपवते काय?"

तिने लाल पेनाचं टोपण काढलं.

इंदूबाई उठल्या. गुडघे दुखत होते, तरी त्या स्वयंपाकघरात गेल्या. गव्हाच्या कोठीमागे हात घालून त्यांनी डबा काढला, आणून मयुरीच्या पेपरावर ठेवला आणि पुन्हा मेथीपुढे बसल्या.

उत्तराने झाकण उघडलं. सकाळचे दोन घास तळाशी राहिले होते. आतून डबा वरपर्यंत लाल झालेला. खोलीभर तर्रीचा वास सुटला. रोज पोहे घेऊन कोण येत असेल, हे आता वेगळं सांगायची गरज नव्हती. शिकवणीची फी तीच होती.

उत्तराने झाकण परत लावलं.

"गाय कोणती?" उत्तराने विचारलं.

"थे पांढरी. तुले पाहून पळत नाही का?"

उत्तराने डबा उचलला. पेपरावर तेलाचा गोल डाग उमटला होता. त्या डागाच्या शेजारीच तिने मयुरीला पैकीच्या पैकी गुण दिले.

मयुरी काटोलला गेली आणि पहिल्याच सामन्यात बाद झाली. आता ती पोलिसात आहे. तिने लिहिलेला पंचनामा साहेब लोक चहा बाजूला ठेवून वाचतात, असं भूपेश दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साडी उलगडता उलगडता सांगतो. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. इंदूबाईंना त्या दिवसापासून फक्त रविवारी पोहे मिळू लागले, तेही उत्तरा समोर बसून तर्री वाढेल तेवढीच. कमी पडते, अशी तक्रार त्या शेवटच्या रविवारपर्यंत करत राहिल्या. शेवटी उपदेश नको, हे उत्तरा आता वर्गात सांगते, जणू तिचंच आहे.

तो डबा तिने कितीदा घासला, उन्हात ठेवला. लाली गेली नाही. हल्ली ती त्यातच शाळेत पोळी-भाजी नेते.