ऐकायची काठी

कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात गाडीचा आवाज येणं म्हणजे अब्रू जाणं, आणि आवाजाचं मूळ शोधणाऱ्या हेडलीला हल्ली ऐकूच येत नव्हतं. बोभाटा झाला तर नोकरी गेलीच, म्हणून तो एकट्यानंच तपासणी करी. आज मात्र सदा ओरडून बोलणारे मोठे इंजिनिअरसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. "गाडीच्या मालकीण डचेसबाईंचं डोकं उठलंय या घरघरीनं. शोध," हेडलीनं त्यांच्या ओठांवरून ओळखलं. त्यानं ऐकायच्या लाकडी काठीचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावायच्या ऐवजी नाइलाजानं दातांत धरलं. थरथर जबड्यातून थेट मस्तकात शिरली. "पंपाचं बेअरिंग झिजलंय, साहेब." साहेब त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. "कान कधी गेले?" "झाली दोन वर्षं. आता घरी बसू?" साहेबांनी कोटातून स्वतःची काठी काढून त्याला दिली. तिच्या टोकावर दातांच्या खोल, जुन्या खुणा होत्या.