सरसकट

सरसकट यंत्र फिरवलं असतं, तर ठेकेदाराचे चार दिवस वाचणार होते. पण कंपनीचा हुकूम आडवा येत होता: विजेच्या तारांखालची उंच झाडं तेवढी तोडा, घरट्यांची झुडपं राखा. आणि हुकमापेक्षा आडव्या यायच्या त्या पाखरं मोजणाऱ्या मॅडम. आजही धावत आल्या.

"थांबा! झुडपात माणूस झोपलाय!"

"परवा लाव्याची पिल्लं, काल ससा, आज थेट माणूस! मॅडम, प्रगती आहे हं तुमची."

ठेकेदारानं त्यांना कोपरानं काट्यांत ढकललं आणि यंत्र आत घालायला लावलं. पात्यांखालून किंकाळी आली, मग रक्त उडालं.

घरट्यांच्या खुणेसाठी मॅडमनी बांधलेल्या फिती गुपचूप सोडवायला ठेकेदारानंच पहाटे मेहुण्याला आत धाडलं होतं; काम उरकून तो तिथंच झोपी गेला होता.

चार दिवस हवे होते नवऱ्याला. किंमत मोजली बायकोनं, सख्खा भाऊ देऊन.