एका पत्त्यावर पाच

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी या दोन वर्षांत घाटकोपरच्या एकाच दहा बाय बाराच्या खोलीत कॅन्सरचे पाच पेशंट! कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारं कार्यालय चक्रावलं. त्या खोलीतल्या पाण्याचा नमुना आणायला त्यांनी आपल्या कारकुनाला, सहदेवला, बाटली देऊन पिटाळलं.

दार उघडणाऱ्या प्रेमाकाकूंनी यादीतलं एकेक नाव ओळखलं.

"अहो, ही गावाची खोली. आमच्या गावचं कुणीही इलाजाला आलं की इथेच उतरतं आणि दवाखान्यात हाच पत्ता देतं."

सहदेवचा जीव भांड्यात पडला. नोंद फक्त मुंबईत राहणाऱ्यांची करायची, असा नियमच होता. त्याने पाचही नावांवर रेघ मारली, 'मुंबईबाहेरचे' असा शेरा लिहिला आणि रिकामी बाटली पिशवीत टाकायला घेतली.

"पाचही आमच्या एकाच वाडीतले," काकू म्हणाल्या. "उणीपुरी पंचवीस घरं. तिथे येतं का हो तुमचं कुणी?"

"नाही. आमचं काम मुंबईपुरतं."

काकूंनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

"मग ही राहू दे माझ्याकडे. शिमग्याला गावी जातेय, तिथल्या विहिरीचं पाणी भरून आणते."