बॉलवरचा हात

फाट्! आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. ऋचाच्या हातून बॉल निसटला आणि समोरच्या संघातली मुलगी तो घेऊन पळाली. "फाऊल! फाऊल!" बघणाऱ्यांनी एकच गिल्ला केला. शिट्टी मात्र वाजली नाही.

शिट्टी हेमलताच्या ओठांत होती. पंच तीच आणि ऋचाची आईही तीच. ठरलेला पंच ऐनवेळी आला नाही, तेव्हा दोन्ही संघांनी तिलाच गळ घातली होती. फटका मनगटावर बसला असता तर तिने त्याच क्षणी शिट्टी फुंकली असती. पण तो बसला होता बॉल धरलेल्या बोटांवर. बॉलवरचा हात म्हणजे बॉलचाच भाग, तिथे लागलं तर फाऊल नाही. हा नियम तिनेच लेकीला स्वयंपाकघरात, हातात नारळ देऊन शिकवला होता. मैदानावर आई नाही, मॅडम म्हणायचं, हेही तिनेच बजावलं होतं.

"मॅडम, लागलंय हो!" ऋचा बोटं छातीशी धरून कळवळली. हेमलता शिट्टी तशीच ओठांत धरून बॉलमागे धावली. तिकडे बास्केट पडली आणि तिथेच फायनल हातची गेली.

परतताना रिक्षात हेमलताने ती सुजून निळी पडलेली बोटं बघायला हात पुढे केला. ऋचाने आपला हात मागे ओढला.

"राहू द्या, मॅडम," ती बाहेर बघत म्हणाली. "बॉलचाच भाग आहे तो."