आल्याचा काढा

मतदानाच्या सकाळी जयमालाबाईंनी निरांजन आधी नवऱ्यासमोर ओवाळलं आणि मग तसंच लेकीसमोर.

"कुंकू अर्धं अर्धं वाटून टाकलंस की!" नंदकुमार म्हणाले.

"एकाला ओवाळून दुसऱ्याला कोरडं धाडायचं मला जमत नाही. महिनाभर दोघांनीही धूळ खाल्ली आहे."

तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहता वाहता नंदकुमार माथाडींचे पुढारी झाले होते, पुढे नगरसेवकही. आवाज असा की गोदामाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस वळून बघे. लेकीचा, क्षिप्राचा घसा मात्र शेवटच्या सभेनंतर पार बसला होता. त्यांनी स्वतः आलं ठेचलं, काढा उकळला, थर्मास भरून तिच्या पिशवीत ठेवला.

"घोट घोट घे. आणि तुझ्या त्या गोजराबाईंना वाटून टाकू नकोस."

"तुम्हाला नको?"

"माझा घसा गोण्यांच्या धुळीवर पोसलाय. त्याला काय होतंय!"

गोजराबाई ठेक्यावर रस्ते झाडायच्या. शेजारच्या गल्लीत कायम नोकरीतली बाई तेच काम करायची आणि यांच्या दुप्पट पगार घ्यायची. यंदाची निवडणूक त्याच प्रश्नावर येऊन ठेपली होती. राजवर्धन निवडून आला तर सफाईचा ठेका त्याच्या मेहुण्याकडेच राहणार, हे साऱ्या प्रभागाला ठाऊक होतं.

चहा ओतता ओतता नंदकुमारांनी विचारलं, "खरं सांग क्षिप्रे. 'आधी हाताला काम, दामाचं मागाहून', याला परवा टाळ्या कमी पडल्या ना?"

"पडल्या."

"का?"

"जिच्या हातात झाडू आहेच तिला कसलं काम देता, आबा? तिला कामाचा दाम हवाय. पुरता."

"आणि ठेका मोडताना कामच गेलं तर?"

"माथाडींनाही लोक हीच भीती घालायचे. तेव्हा तुम्ही ऐकलंत?"

नंदकुमारांनी बशी खाली ठेवली. "माझ्याच भात्यातला बाण, आणि माझ्यावरच!" असं म्हणाले खरे, पण मिशीत हसू मावत नव्हतं.

राजवर्धन सभांमध्ये म्हणायचा, "बापलेकीचं नाटक फुकटात बघून घ्या. दिवसभर भाषणं, आणि रात्री एकाच घरचं पिठलं!" लोक हसायचे. हे दोघंही पिठलं खाताना ते आठवून हसायचे.

शाळेत बायकांच्या आणि पुरुषांच्या रांगांत तिघं उभे राहिले. क्षिप्रा आत जरा जास्तच वेळ रेंगाळली. बाहेर आली तेव्हा नंदकुमार फाटकाशी थांबले होते.

"कुणाला दिलंस?" त्यांनी डोळा मिचकावला.

"मत गुप्त असतं, आबा."

"शहाणी! हेही मीच शिकवलंय." त्यांनी शाईचं बोट उन्हात धरून पाहिलं. "माझं मत मात्र फुकट नाही जायचं. निवडून येणाऱ्यालाच पडलंय."

"एवढी खात्री?"

"उभा जन्म माणसांच्या पाठी बघण्यात गेला, बाळा. कुणाला कुठलं ओझं पेलेल, ते पाठ बघून कळतं मला."

क्षिप्राच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी तिला हाक मारली. रात्री जेवताना सांगू, असं म्हणून तिनं ते मागे ठेवलं.

संध्याकाळी नंदकुमार घरी आले, चपला काढल्या, 'पाणी दे' म्हणाले. जयमालाबाई तांब्या घेऊन येईपर्यंत ते गेले होते.

मतमोजणी कुणासाठी थांबत नाही. "जा," जयमालाबाई म्हणाल्या. "ते असते तर गेले असते."

क्षिप्रा सुतकातच केंद्रावर जाऊन बसली. पहिल्या फेऱ्यांत राजवर्धन पुढे होता. त्याची माणसं बाहेर ताशेवाल्यांना हाका मारू लागली. मग तुर्भ्याच्या वस्तीची यंत्रं उघडली. राजवर्धनचा चेहरा उतरत गेला आणि शेवटची फेरी पुरी होण्याआधीच तो उठून चालता झाला. कचरागाडी चालवणारा धनाजी कठड्यावरून ओरडला, "ताई! आलो! निवडून आलो आपण!"

मिरवणूक सोसायटीच्या फाटकाशी आली आणि गप्प झाली. झाडूवाल्या बायका झाडू उभे धरून थांबल्या होत्या. गुलालाच्या पिशव्यांची तोंडं बांधलेलीच होती.

जयमालाबाई अनवाणी खाली आल्या. "पिशव्या का बांधल्यात?"

"माई, सुतक हाय," गोजराबाई म्हणाल्या. "लोकं काय बोलतीन?"

"बोलू देत. लोकांच्या तोंडाचा ठेका आपण घेतलाय का? ते असते तर पहिली मूठ त्यांनीच उधळली असती. सोडा पिशव्या!"

गोजराबाईंनी दोन्ही मुठी भरल्या. क्षणात फाटक, जिना, पार्किंगमधल्या गाड्या, सगळं गुलाबी झालं. झाडू आभाळात नाचू लागले. "काम तेच, दाम तोच!" ही आरोळी वरच्या मजल्यापर्यंत गेली, खिडक्या उघडल्या, कुणी तिथूनच टाळ्या वाजवल्या. क्षिप्रानं पिशवीतला थर्मास तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता, पण घसा उघडला होता. बायकांच्या आवाजात तिचा आवाज खणखणीत मिसळला.

मग ती एकटीच वर गेली. फोटोसमोर निरांजन तेवत होतं. तिनं स्वतःच्या गळ्यातला हार काढून फोटोला घातला आणि कपाळावरचा गुलाल बोटानं काचेला लावला.

"तुमच्याविरुद्ध उभी राहिले, आणि हरवलंही तुम्हाला, आबा," ती मोठ्यानं म्हणाली. "पण माझं मत मी तुम्हालाच दिलं होतं."