पाणी धरंना

ज्ञानदेवकाकांची परीक्षा एकच. निकेल चढवण्याआधी धुतलेल्या पत्र्यावर मगभर पाणी ओतायचं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल अजून शिल्लक. चाकणच्या त्या प्लेटिंग शॉपमध्ये तीस वर्षांत एकही तेलकट पत्रा त्यांच्या हातून पुढे गेला नव्हता.

आज धुवायच्या ट्रेमध्ये एक काळपट पत्रा निघाला. पाणी ओतलं, तर अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळून गेलं. काकांनी गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासला. पुन्हा तेच.

लॅबच्या योगिनी मॅडम पत्रा शोधत आल्या, तोवर काकांचे दंड भरून आले होते.

"मॅडम, तीनदा घासला, तरी पाणी धरंना. आमी हारलो बघा."

"काका, पाणी धरू नये म्हणूनच तसा थर चढवलाय त्याच्यावर. सहा महिने लागले मला."

काकांनी ब्रश खाली ठेवला. "म्हंजी म्या वाटोळं केलं की!"

मॅडमनी स्वतः मगभर पाणी ओतलं. एक थेंब थांबला नाही.

"घासल्यावर थर टिकतो का, तेवढंच बघायचं राहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझाच हात धजत नव्हता." मग त्यांनी ब्रश उचलून काकांच्या हातात दिला. "आता जरा जोर लावून घासा."

काकांना ते लागलं.

"मॅडम, मगाशी काय गोंजारत व्हतो व्हय?"